मे महिन्यातला एक शनिवार आणि लाखो गळ: मिनेसोटातला वॉलआयचा हंगाम नेमका तेव्हाच का उघडतो?

मे महिन्याचा दुसरा आठवडा. आपल्याकडे आंब्याच्या पेट्या, लग्नाच्या पंक्ती आणि 'पाऊस केरळात कधी पोचणार' यावर गप्पा चाललेल्या असतात. त्याच सुमारास अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाला लागून असलेल्या मिनेसोटा राज्यात मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, 'ओपनर'.

शुक्रवारची मध्यरात्र उलटली की वॉलआय नावाच्या माशाचा हंगाम उघडतो. लाखो लोक बोटी, काठ्या आणि आमिषाचे डबे घेऊन तळ्यांवर पोचतात. काही हौशी तर उजाडायचीही वाट पाहत नाहीत, डोक्याला टॉर्च बांधून रात्रीच धक्क्यावर उभे राहतात. १९४८ पासून तर राज्याच्या गव्हर्नरांच्या नावाने या दिवसाचा सरकारी सोहळाच होतो.

मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत बरीच मराठी कुटुंबंही राहतात. मे महिना आला की ऑफिसातला कुणीतरी विचारतोच, "काय, येणार का फिशिंगला?" मग प्रश्न पडतो, की मासे तर तळ्यात वर्षभर असतात. मग हाच शनिवार का? आणि त्याच तळ्यातल्या छोट्या माशांना अशी कुठलीच तारीख का नाही?

उत्तर पाण्याखाली आहे. ते कळलं तर मासा कुठे मिळेल हेही कळतं, आणि कुठला मासा परत सोडायचा हेही.

वॉलआय म्हणजे कोणता मासा?

वॉलआय हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. रंग सोनेरी-हिरवट, अंग लांबुळकं, तोंडात टोकदार दात. मिनेसोटाने १९६५ मध्ये त्याला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. चवीला सौम्य, काटे कमी, त्यामुळे तिकडे त्याला आपल्या पापलेटसारखा मान आहे.

त्याची खरी ओळख म्हणजे डोळे. रात्री मांजराच्या डोळ्यांवर टॉर्च मारला की ते चमकतात ना, तसेच वॉलआयचेही चमकतात. डोळ्याच्या आत प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला चांगलं दिसतं. तो खातो ते छोटे मासे मात्र अशा वेळी चाचपडत असतात. म्हणून वॉलआय पहाटे, संध्याकाळी आणि रात्री शिकार करतो. ढगाळ हवा आणि वाऱ्याने उठलेल्या लाटाही त्याच्या पथ्यावर पडतात, कारण त्यामुळे पाण्यात उजेड कमी शिरतो.

ही तारीख ठरते कशी?

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो. त्याला जोडून येणाऱ्या शनिवारच्या बरोबर दोन आठवडे आधीचा शनिवार, हा मिनेसोटाच्या कायद्यानुसार वॉलआयच्या हंगामाचा पहिला दिवस. म्हणजे तो ९ ते १५ मे याच दरम्यान येतो. २०२५ मध्ये तो १० मे रोजी होता. तिथून पुढे फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत हंगाम चालतो. त्यानंतर साधारण अडीच महिने राज्यातल्या बहुतेक तळ्यांवर वॉलआय धरायला बंदी.

बंदीचे हे अडीच महिने आकाशातून पडलेले नाहीत. वॉलआयची वीण याच काळात होते.

बर्फ वितळल्यावर काय घडतं?

मिनेसोटात १० एकरांपेक्षा मोठी ११,८४२ सरोवरं आहेत. हिवाळ्यात ती इतकी गोठतात की माणसं त्यावर गाड्या चालवतात. दक्षिणेकडचा बर्फ बहुधा मार्चअखेर ते एप्रिलमध्ये जातो, उत्तरेकडे एप्रिलअखेर किंवा मे उजाडतो.

बर्फ गेला आणि पाणी साधारण ६ ते १० अंश सेल्सिअसवर आलं, की वॉलआय खोल पाणी सोडून काठाकडे येतो. त्याला हवी असते दगडगोट्यांची उथळ जागा, जिथे वाहतं पाणी किंवा लाटा सतत आपटत असतात. कारण अंड्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो आणि गाळ बसला तर ती गुदमरतात. आधी नर येऊन थांबतात, मग गाभोळीने भरलेल्या माद्या येतात. रात्रीच्या वेळी अंडी घातली जातात. मोठी मादी लाखाहून जास्त अंडी सोडते.

आणि मग आई-बाप दोघंही निघून जातात. घरटं नाही, राखण नाही. अंडी दगडांच्या फटींत पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत जी वाचली त्यांतून पिल्लं बाहेर येतात.

आता विचार करा, या दिवसांत गळ टाकायला मोकळीक असती तर? तळ्यातले मोठे मासे गुडघाभर पाण्यात, ठरलेल्या जागी, दाटीवाटीने उभे. एका रात्रीत पुढच्या कित्येक वर्षांचं बियाणं संपलं असतं. म्हणून हंगाम वीण बहुतेक आटोपल्यावर उघडतो. थंडी लांबली तर उत्तरेकडे ती थोडी बाकी असते. तिथे काही नद्या-नाल्यांचे भाग पाट्या लावून आणखी काही दिवस बंद ठेवले जातात.

मग पहिल्या आठवड्यात वॉलआय सापडतो कुठे?

वीण झाल्यावर माद्या थकलेल्या असतात. त्या खोल पाण्याकडे सरकतात आणि काही दिवस फारशा खात नाहीत. नर मात्र विणीच्या जागांच्या आसपासच रेंगाळतात. म्हणून सुरुवातीला हाती लागतात ते बहुतेक मध्यम आकाराचे नर.

जागा शोधायची तर हे लक्षात ठेवायचं:

- नदी किंवा ओढा तळ्याला मिळतो ते मुख, आणि दोन तळ्यांना जोडणारा अरुंद भाग.
- वारा ज्या काठावर आपटतोय तो दगडी काठ. आपल्याला तिथे उभं राहणं त्रासाचं, पण माशाचं खाणं तिकडेच ढकललं जातं.
- खोली फार नको. साधारण ४ ते १२ फूट.
- वेळ सूर्योदयाच्या आधीची किंवा सूर्यास्तानंतरची.

आमिषासाठी सगळ्यात चालणारी गोष्ट म्हणजे जिग. हा डोक्याशी छोटासा जड गोळा असलेला गळ. त्याला जिवंत छोटा मासा लावायचा आणि तळाशी हळूहळू उचलत-टेकवत न्यायचा. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा, कारण गार पाण्यात मासा सुस्त असतो आणि लांबवर पाठलाग करत नाही. पुढे मे संपताना पाणी तापलं की लोक जळवा आणि गांडुळं लावायला लागतात.

पॅनफिश: तव्यात मावणारे मासे

याच तळ्यांत दुसरी एक मंडळी असते. ब्लूगिल आणि पम्पकिनसीड हे सनफिश, काळसर ठिपक्यांचा क्रॅपी, पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा पर्च. आकार तळहाताएवढा किंवा थोडा मोठा. अख्खे तव्यात मावतात म्हणून सगळ्यांना मिळून नाव पडलं पॅनफिश. क्रॅपीचा उच्चार तिकडचे लोक 'क्रॉपी' करतात, दुकानात विचारताना उपयोगी पडेल.

लहान मुलांचा पहिला मासा बहुधा हाच असतो. बोट लागत नाही, महागडी काठी लागत नाही. बारीक दोरी, छोटा गळ, पाण्यावर तरंगणारा बॉबर आणि गांडुळाचा तुकडा. बॉबर बुडाला की ओढायचं.

बर्फ गेल्याबरोबर हे मासे उथळ, चिखलाच्या तळाच्या खाडीसारख्या भागांत येतात. काळा तळ ऊन शोषतो आणि तळ्याच्या उत्तर बाजूच्या भागांवर वसंतातलं तिरपं ऊन जास्त वेळ पडतं. तिथलं पाणी बाकी तळ्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम असलं तरी फरक पडतो, कारण किड्यांच्या अळ्या आधी तिथेच हलायला लागतात. मासे त्या खायला येतात. म्हणून पॅनफिशसाठी पहाटे उठायची गरज नाही. ऊन चढल्यावर, दुपारी गेलात तरी चालतं.

आणि हो, राज्यातल्या बहुतेक तळ्यांवर पॅनफिशला बंद हंगामच नाही. वर्षभर कधीही धरा.

पण इथेच खरी गंमत आहे

वॉलआय आणि पॅनफिश यांची कॅलेंडरं उलटी आहेत. हंगाम उघडतो तेव्हा वॉलआयची वीण संपलेली असते. पॅनफिशपैकी पर्च सोडला तर बाकीच्यांची वीण अजून व्हायची असते. क्रॅपीला अंडी घालायला साधारण १५ ते १८ अंशांचं पाणी लागतं, ब्लूगिलला २० अंशांच्या आसपासचं. म्हणजे मे अखेर ते जून. ज्या दिवसांत सगळं राज्य गळ घेऊन तळ्यावर असतं, नेमके तेच दिवस.

ब्लूगिलची पद्धत तर वॉलआयच्या अगदी विरुद्ध. नर उथळ पाण्यात शेपटीने वाळू उडवून जेवणाच्या ताटाएवढा खळगा करतो. असे अनेक खळगे शेजारी शेजारी, जणू वसाहतच. मादी अंडी घालून जाते आणि नर राखण करत बसतो. पंखांनी पाणी ढवळून अंड्यांना हवा देतो, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. समोर आलेल्या गळावरही धावतो.

म्हणूनच तो सहज सापडतो. आणि बाप उचलला गेला, की बाकीचे मासे काही वेळातच घरटं फस्त करतात.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. तळ्यात मोठे नर असतात तोवर चांगली जागा मिळवण्यासाठी तरुण नरांना आधी मोठं व्हावं लागतं. मोठे नर माणसांनी नेले, की तरुणांना वाढायची गरजच उरत नाही. ते लहानपणीच प्रजननाला लागतात आणि सगळी ताकद तिकडे गेल्याने त्यांची वाढ खुंटते. काही वर्षांत तळं माशांनी भरलेलं, पण एकही तव्यात घालण्याजोगा नाही, अशी गत होते. आठ इंचांचा ब्लूगिल व्हायला तिथल्या गार पाण्यात सात-आठ वर्षंही लागू शकतात, त्यामुळे बिघडलेलं तळं लवकर सुधारत नाही.

म्हणून मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने अनेक तळ्यांवर सनफिशची रोजची मर्यादा २० वरून १० किंवा ५ वर आणली. ज्या माशाला कुणी दुर्मीळ समजत नाही, त्याला जपायची वेळ आली ती अशी.

दोन सरोवरांची गोष्ट

बंदी आणि मर्यादा यांनी खरंच फरक पडतो का? मिनेसोटाकडे याचं उत्तर आहे.

रेड लेक हे राज्याच्या उत्तरेतलं प्रचंड सरोवर. त्याचा मोठा भाग रेड लेक ओजिब्वे या मूळ रहिवासी समाजाचा, थोडा राज्याच्या अखत्यारीतला. दोन्हीकडून अतोनात मासेमारी झाली आणि १९९० च्या दशकात वॉलआय जवळजवळ संपला. १९९७ मध्ये ओजिब्वे समाजाने आपली व्यावसायिक मासेमारी स्वतःहून थांबवली. १९९९ मध्ये समाज आणि राज्य सरकार यांनी करार करून वॉलआय धरणं पूर्ण बंद केलं आणि कोट्यवधींचं मत्स्यबीज सोडलं. सात वर्षं कुणीही वॉलआय घरी नेला नाही. २००६ मध्ये हंगाम पुन्हा उघडला तेव्हा सरोवर भरलेलं होतं. आज तिथे लांबून लोक येतात.

दुसरं मिल लॅक्स. विस्तार ५३० चौरस किलोमीटरांहून जास्त, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडंच लहान, पण खोली १३ मीटरच्या आत. १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी इथली जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क अजून शाबूत आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. ओजिब्वे लोक परंपरेप्रमाणे वसंतात, विणीच्या दिवसांतच जाळ्याने आणि भाल्याने मासे धरतात. पण आधी ठरवून दिलेल्या कोट्यात, आणि धरलेल्या माशांची मोजदाद करून. म्हणजे मासा वाचवायला तारीख हा एक मार्ग झाला, आकडा हा दुसरा.

तरीही मिल लॅक्समध्ये वॉलआय घटला. पिल्लं जन्मत होती, पण मोठी होण्याआधीच मरत होती. झेब्रा शिंपल्यासारखे बाहेरून आलेले जीव आणि त्यांच्यामुळे नितळ झालेलं पाणी, यांचाही त्यात वाटा मानला जातो. २०१६ मध्ये तर उन्हाळ्याचा अख्खा हंगाम 'धरा आणि सोडा' या नियमावर गेला. एकही वॉलआय घरी न्यायला परवानगी नव्हती.

थोडक्यात, माणसांचा हात आवरला की रेड लेकसारखं सरोवर सावरतं. पण पाणीच बदललं तर नुसती बंदी पुरत नाही.

बर्फाचं वेळापत्रक बिघडलंय

तारीख कायद्याने ठरते, बर्फ मात्र कायदा वाचत नाही. २०१२ मध्ये मार्चमध्येच अनेक तळी मोकळी झाली. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ओपनर आला तरी मिल लॅक्ससह उत्तरेकडच्या बऱ्याच सरोवरांवर बर्फ होता.

एकूण कल लवकर वितळण्याकडे आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधल्या सरोवरांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की बर्फ ज्या वेगाने लवकर जातोय त्या वेगाने वॉलआयची वीण पुढे सरकत नाही. यात धोका असा, की पिल्लांना पहिल्या दिवसांत जे सूक्ष्म जीव खायला लागतात, त्यांचा बहर बर्फ गेल्यावर ठरावीक काळाने येतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो ओसरला तर ती उपाशी मरतात.

आपल्याकडची वलगण

हे सगळं ऐकून कोकणातल्या माणसाला काही आठवलंच असेल. पहिला जोराचा पाऊस झाला, नद्या-ओहोळ भरले, की गाभोळीने भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध भातखाचरांत चढतात. पालघर-ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात, खाली कोकणात चढणीचे मासे. रात्री बत्ती घेऊन खाचरात उतरायचं आणि टोपलीभर मासे आणायचे, ही कित्येकांची लहानपणीची आठवण आहे.

समुद्रातल्या माशांसाठी आपल्याकडे १ जूनपासून यांत्रिक बोटींना पावसाळी बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी बांधव पुन्हा दर्यावर जातात. तो एका अर्थी आपला ओपनरच. पण ओहोळातल्या माशांना असा आधार क्वचितच मिळतो. वलगणीचा मासा मिनेसोटाच्या ब्लूगिलसारखाच. भरपूर वाटतो, सहज सापडतो, आणि धरला जातो तो नेमका विणीच्या वेळी.

जायचंच असेल तर एवढं लक्षात ठेवा

तुम्ही मिनेसोटात असाल किंवा मुलाकडे-लेकीकडे मे महिन्यात जाणार असाल, तर:

- परवाना: १६ वर्षांवरच्या माणसाला लागतोच. पाहुण्यांसाठी २४ तासांचा, ७२ तासांचा आणि ७ दिवसांचा परवाना मिळतो. ओपनर बहुतेक वर्षी मातृदिनाच्या सुट्टीत येतो. त्या शनिवार-रविवारी राज्यात राहणाऱ्या आयांना परवान्याशिवाय गळ टाकता येतो.
- गळ: बर्फ नसताना एका माणसाला एकच दोरी.
- मर्यादा: राज्यभरासाठी वॉलआयची मर्यादा कित्येक वर्षं ६ होती आणि त्यात २० इंचांपेक्षा मोठा फक्त एक. पण बऱ्याच तळ्यांचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतातही. त्या वर्षीची नियमपुस्तिका आणि काठावरची पाटी वाचूनच सुरुवात करा.
- काय सोडायचं: २० इंचांवरचा वॉलआय बहुधा मादी असते, ती पाण्यात जाऊ द्या. सनफिशमधले मोठे नर सोडा, मधल्या आकाराचे ठेवा. हात ओले करून मासा आडवा धरा आणि लवकर पाण्यात सोडा.
- खाताना: मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. गरोदर स्त्रिया आणि १५ वर्षांखालच्या मुलांसाठी तिथल्या आरोग्य विभागाचा सर्वसाधारण सल्ला असा आहे: सनफिश, क्रॅपी, पर्च आठवड्यातून एकदा, २० इंचांखालचा वॉलआय महिन्यातून एकदा, त्याहून मोठा नकोच. काही तळ्यांसाठी सल्ला आणखी कडक आहे.
- निघताना: बोटीतलं आणि आमिषाच्या डब्यातलं तळ्याचं पाणी तिथेच काढून टाका. उरलेलं आमिष पाण्यात टाकू नका. झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात असेच पोचतात.
- जीव सांभाळा: हवा गरम असली तरी मे महिन्यातलं पाणी बर्फासारखं असतं. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय त्यात काही मिनिटांत आखडतात. बोट चालू असताना १० वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट कायद्यानेच लागतं. मोठ्यांनीही घातलेलं बरं.

वॉलआयला कायद्याने तारीख दिली, म्हणून तो विणीच्या दिवसांत सुरक्षित राहतो. छोट्या माशांना अशी तारीख नाही. तिथे गळ धरणाऱ्या माणसाने कुठे थांबायचं हे स्वतःच ठरवायचं असतं, मग ते मिनेसोटातलं तळं असो की आपल्या गावचा ओहोळ.

तुमच्या गावाकडे वलगणीला काय म्हणतात? आणि लहानपणी दिसायचे तेवढे मासे अजून चढतात का? कमेंटमध्ये नक्की सांगा.